काखेत चिखलदरा, महाबळेश्वरला वळसा

मार्चअखेरची धावपळ संपते, वार्षिक परीक्षांचे पेपर तपासून होतात आणि बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी शाळांच्या शिक्षकखोल्यांतून व तहसील कचेरीच्या व्हरांड्यातून एक प्रश्न दरवर्षी न चुकता चर्चेला येतो: यंदा सुटीत जावयाचे कोठे? कापसाचा भाव आणि पिण्याचे पाणी हे जेथे बारमाही प्रश्न आहेत, तेथे सहलीची ही चर्चा क्षणभर चैनीची वाटण्याचा संभव आहे. परंतु वऱ्हाडातील उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, तो असे म्हणणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि दुपारच्या वेळी माणसे उन्हात राबू नयेत म्हणून जिल्हा प्रशासनाला कलम १४४ चा आधार घ्यावा लागला. दंगलीसाठी राखून ठेवलेले कलम जेथे उन्हासाठी वापरावे लागते, तेथे चार दिवस थंड हवेत काढण्याची इच्छा ही चैन नव्हे. बार्शीटाकळीत तर शके १०९८ चा शिलालेख मिरविणारे कालंका देवीचे काळ्या पाषाणातील मंदिर हेच काय ते दुपारचे हमखास गार ठिकाण. आणि तेथे काही बिऱ्हाड थाटता येत नाही.

या चर्चेत जी नावे निघतात त्यांचा क्रम सहसा ठरलेला असतो. महाबळेश्वर-पाचगणी पहिले, त्यामागून माथेरान, लोणावळा. ज्यांचे नातेवाईक नागपूरकडे आहेत ते पचमढीचे नाव काढतात. घरात दोन पगार येत असतील तर मनाली आणि काश्मीर. गुलमर्गला बर्फावरून घसरताना काढलेले छायाचित्र दिवाणखान्यात लावण्याची हौस आता तालुक्याच्या गावीही पोहोचली आहे. चिखलदऱ्याचे नाव या यादीत शेवटी येते, तेही ‘ते काय, जवळच आहे, केव्हाही जाता येईल’ अशा शेऱ्यानिशी. हे ‘केव्हाही’ बहुधा उजाडतच नाही. बार्शीटाकळीहून अकोला, अकोट, अंजनगाव-सुर्जी, परतवाडा असा दीडशे किलोमीटरच्या आतला हा प्रवास. आणि तरीही ज्यांनी महाबळेश्वर दोनदा पाहिले आहे पण गाविलगडाचा दरवाजा एकदाही पाहिलेला नाही अशी कुटुंबे वऱ्हाडात थोडीथोडकी नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण यासाठीच असावी.

या निवडीमागे केवळ हौस आहे असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्यामागे हिशेब आहे, आणि तो काही अंशी बरोबरही आहे. प्रथम हवेचा हिशेब पाहू. दर हजार मीटर उंचीला हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, हे भूगोलाच्या पुस्तकात आपण सारेच शिकलो. अकोला समुद्रसपाटीपासून २८० मीटरच्या आसपास, चिखलदरा सुमारे १,११८ मीटर. म्हणजे फरक साडेआठशे मीटरांहून कमी, आणि हवेतील उतार पाच-साडेपाच अंशांचा. अकोल्यात ४५ अंश असतील तेव्हा चिखलदऱ्यात भर दुपारी ३९-४० अंश असणार. रात्र सुखाची जाईल, परंतु दुपारी पंखा लागेलच. १,०६७ मीटर उंचीच्या पचमढीचीही कथा फारशी निराळी नाही. महाबळेश्वर उंचीने या दोघांहून दोन-तीनशे मीटरच अधिक आहे; तथापि त्याच्या पश्चिमेला कोकणाची पट्टी सोडली की समुद्र आहे, आणि मे महिन्यात तेथील दुपारी सौम्य राहतात त्या उंचीपेक्षाही या समुद्राच्या कृपेने. सातपुड्याला समुद्र शेजारी नाही. तेव्हा केवळ मे महिन्यातील गारव्यासाठीच जावयाचे असेल तर महाबळेश्वरची निवड चुकीची आहे असे कोणालाही प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. चिखलदऱ्याच्या अभिमान्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी. ती नाकारल्यामुळेच उन्हाळ्यात तेथे गेलेला माणूस निराश होऊन परततो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

मग निवडीचा प्रश्न येथेच संपतो काय? नाही, कारण थंड हवेची ठिकाणे केवळ हवेने घडत नाहीत. ती घडविली जातात. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला, आणि पुढे वीस वर्षांनी, १८२३ मध्ये, हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेस चिखलदऱ्याचे पठार आले. म्हणजे गोऱ्या साहेबाचा पाय येथे महाबळेश्वरची वसाहत उभी राहण्यापूर्वी लागला होता. परंतु महाबळेश्वरच्या पाठीशी मुंबईचा गव्हर्नर होता. सर जॉन माल्कमपासून पुढे सरकार उन्हाळ्यात तेथे मुक्कामाला जाऊ लागले. सरकारामागून सडक गेली, पाणी गेले, बंगले उठले, बाजार भरला. पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेल्यावर वऱ्हाडच्या कारभाराची पावलेही स्वाभाविकच नागपूर आणि पचमढीकडे वळली, आणि चिखलदरा हे जिल्ह्याच्या साहेबांचे विश्रांतिस्थान एवढ्यावरच राहिले. पुढे १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, पचमढी मध्य प्रदेशात गेली. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला नागपुरातील अधिवेशन मिळाले. उन्हाळी राजधानी तेवढी सीमेपलीकडे राहिली! हा विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. आज जे ठिकाण ‘नैसर्गिकरीत्या’ लोकप्रिय दिसते, त्याच्या लोकप्रियतेत शंभर-दीडशे वर्षांचा सरकारी पैसा मुरलेला असतो.

सरकारी पैसा आजही या निवडीत हात घालतो, आणि तो अशा मार्गाने की सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास ठरावीक वर्षांच्या गटातून राज्यांतर्गत रजा प्रवास सवलत मिळते. ही सवलत प्रवासभाड्याची असते. राहण्याजेवणाचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. आता बार्शीटाकळीतील एखाद्या कारकुनाचे चौघांचे कुटुंब घ्या. ते पुणेमार्गे महाबळेश्वरला गेले तर सहाशे किलोमीटरांच्या आसपास जाण्याचे आणि तितकेच येण्याचे भाडे शासन देईल. चिखलदऱ्याला गेले तर त्याच्या पाव हिश्शाएवढेही भाडे होणार नाही, आणि चार वर्षांतून एकदा येणारी संधी मात्र खर्ची पडेल. अशा स्थितीत शहाणा माणूस सवलत ‘वाया घालविणार’ नाही. तो लांबचेच ठिकाण निवडील. नियम करणाऱ्याच्या मनात तसे नसेलही, परंतु नियमाचा परिणाम असा की माणूस जितका दूर जाईल तितके त्याला अधिक अनुदान मिळते. वऱ्हाडातील पगारदारांच्या खिशातील मुक्कामाचा आणि भोजनाचा पैसा मग त्याच अनुदानाच्या मागोमाग सातारा जिल्ह्यात जातो. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून चालत आली आहे. रस्ते, सिंचन, शाळा यांचे हिशेब मांडून झाले. १९९४ मध्ये स्थापन झालेले वैधानिक विकास मंडळ २०२० मध्ये मुदत संपून थांबले. या साऱ्या खटाटोपात हा छोटासा ओघळ कोणाच्या नोंदवहीत आल्याचे दिसत नाही. रक्कम मोठी नसेल, परंतु तिची दिशा मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे.

अर्थशास्त्रात या विषयाला एक वेगळीच परंपरा आहे. १९४७ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तेथील राष्ट्रीय उद्यान खात्याला एक सूचना केली. उद्यानात प्रवेशमूल्य नसले तरी लोक तेथे पोहोचण्यासाठी जो खर्च करतात त्यावरून उद्यानाचे मोल काढता येईल, असे त्याचे म्हणणे होते. सामान्य माणूस हा सिद्धांत न वाचताच वापरतो, फक्त उलटा करून: जेथे जाण्यास खर्च अधिक, ते ठिकाण मोठे. वस्तुतः हॉटेलिंगच्या सूचनेतील मर्म निराळे आहे. जो जवळून येतो त्याचा खर्च कमी आणि आनंद दूरच्याइतकाच. म्हणून सर्वाधिक संतोषाधिक्य शेजाऱ्याच्याच पदरी पडते. चिखलदऱ्याचा खरा लाभार्थी म्हणूनच पुण्या-मुंबईचा पर्यटक नव्हे. तो अकोला, अकोट, दर्यापूर आणि बार्शीटाकळीचा माणूस आहे. त्याला तेथे जाण्यासाठी रात्रभर आगगाडीत बसावे लागत नाही. पाच दिवसांच्या सुटीतील दोन दिवस प्रवासात घालविणे हाही खर्चच असतो, जरी तो कोणी वहीत मांडत नसले तरी. एस. टी.त २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांना मोफत आणि २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. तेव्हा आजीआजोबांसह निघालेल्या कुटुंबाला परतवाड्याचा प्रवास चहापाण्याच्या खर्चात पडतो.

मग अडते कोठे? अडते ते पंचांगात. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जून सरता सरता उघडतात. शिक्षकाची मोठी सुटी म्हणजे मे आणि जून. चिखलदऱ्याचे वैभव मात्र जुलैत सुरू होते. पावसाळ्यात भीमकुंडाची धार कोसळते, देवी पॉइंटच्या गुहेत पाणी ठिबकते, पंचबोलच्या कड्यावरून दिलेली हाक ढगात हरवते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ होते, गाविलगडाच्या तटावरून खालचे वऱ्हाडचे मैदान नजर पोहोचेल तेथवर दिसते, आणि डिसेंबरात पहाटे दात वाजतात. म्हणजे ज्याला सुटी आहे तेव्हा ठिकाण सुकलेले, आणि ठिकाण बहरलेले तेव्हा सुटी नाही. यातून जे व्हावयाचे तेच होते. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूर येथील मोटारी एकाच दिवशी घाट चढतात. जेमतेम पाच हजार वस्तीच्या या नगरीत त्या दिवशी गावच्या लोकसंख्येहून अधिक माणसे उतरतात, घाटात वाहनांची रांग लागते, आणि संध्याकाळी सारे परत जातात. मागे राहतो तो कचरा. मुक्काम नाही, भोजन नाही, गावकऱ्याच्या हाती पडतात ते फक्त मक्याच्या कणसांचे आणि चहाचे पैसे. एवढ्या गर्दीचे आकडे पाहून ‘पर्यटनाचा विकास झाला’ असे जे म्हणतात, त्यांनी सोमवारी सकाळी तेथे जावे.

दिवाळीच्या सुटीचा विचार या दृष्टीने कोणी करीत नाही याचे आश्चर्य वाटते. पाऊस नुकताच सरलेला, घाट मोकळे, पाण्याचे साठे भरलेले. भाऊबीज आटोपून तीन रात्री चिखलदऱ्यात काढल्या तर कुटुंबाला त्या ठिकाणाची खरी ओळख होईल, आणि गावाच्या अर्थव्यवस्थेला वर्षातून आणखी एक हंगाम मिळेल. उन्हाळ्यात ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी खुशाल महाबळेश्वरला जावे. परंतु दोन्ही ठिकाणांना एकाच महिन्याच्या कसोटीवर घासणे हा अन्याय आहे. महाबळेश्वर तरी जुलैत कोठे राहण्याजोगे असते?

एका हंगामावर विसंबण्यात धोका किती असतो, हे हिमशिखरांच्या प्रदेशाने अलीकडे दाखवून दिले. युरोपात आल्प्सच्या पायथ्याची बर्फक्रीडेची कितीतरी ठिकाणे, उंची कमी असल्याने, बर्फाअभावी अडचणीत आली आहेत. तेथील मध्यमवर्गीय कुटुंब आज ठिकाण निवडताना प्रथम उंची विचारते, मग भाडे. आपल्याकडे गुलमर्गला आकाशपाळणा झाला, त्याचा दुसरा टप्पा २००५ मध्ये अफरवटच्या शिखराकडे पोहोचला, हॉटेले उठली. आणि २०२४ चा जानेवारी जवळजवळ बर्फाविना गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत तेथे होणाऱ्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या. गुंतवणूक पक्क्या सिमेंटाची आणि भरवसा आभाळावर, अशी ही स्थिती. चिखलदऱ्याच्या बाबतीत बर्फाच्या जागी पाणी हा शब्द घालावा, एवढेच.

कारण चिखलदऱ्याला पाऊस भरपूर पडतो, पण तो थांबत नाही. काळ्या कातळाचे उतार आणि खोल दऱ्या यांतून पाणी पायथ्याशी निघून जाते, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच तालुक्यातील खडीमलसारख्या गावाला वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहावी लागते. २००८ मध्ये सिडकोकडे चिखलदऱ्याच्या नियोजनाचे काम आले. चारशे मीटरांहून अधिक लांबीचा काचेचा पूल दोन कड्यांच्या मध्ये टांगण्याची योजना गेली कित्येक वर्षे रेंगाळत गाजते आहे. पूल होण्यास हरकत नाही. लोक तो पाहण्यास येतील हेही खरे. परंतु पूल पाहण्यास अर्धा तास लागतो. अर्ध्या तासासाठी आलेला माणूस रात्री राहत नाही, आणि आणखी हजार माणसे रात्री राहिली तर त्यांना मे महिन्यात पाणी कोठून द्यावयाचे, हा प्रश्न पुलाच्या आधीचा आहे. शक्कर तलाव आणि काळापाणी या साठ्यांचा गाळ आणि गळती यांना वृत्तपत्रांत पुलाएवढी जागा मिळत नाही, हे खरे.

आणि प्रश्न केवळ पाण्याचाही नाही. मेळघाट हे नाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतील एक म्हणून. दुसरे, १९९३ पासून वेळोवेळी ऐकू येणाऱ्या कुपोषणाच्या आणि बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे. ज्या पठारावर पर्यटक भाजलेले कणीस खातो त्याच्या सभोवतीच्या कोरकू पाड्यांतून कापणीच्या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी खाली वऱ्हाडच्या मैदानात उतरतात. त्यांतील काही बार्शीटाकळीच्या शेतांतही येत असतील. सहलीला जाणाऱ्याने हे ओझे मनावर घेऊन फिरावे असे नव्हे. परंतु ठिकाण कोणते हा प्रश्न सुटल्यावर, तेथे उतरावयाचे कोणाकडे आणि विकत घ्यावयाचे कोणाकडून, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर ग्राहकाच्या हातात असते. मोथा येथील गवळ्यांचा खवा आणि दही प्रसिद्ध आहे. पठारावर कॉफी होते, अलीकडे आसपासच्या गावांतून स्ट्रॉबेरीही होऊ लागली आहे. महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव झाले. दोन्ही ठिकाणी पाहुणा हॉटेल सोडून गावात शिरतो. अनुकरणच करावयाचे तर ते महाबळेश्वरच्या बाजारपेठेचे न करता या दोन गावांचे करावे. महाबळेश्वर-पाचगणीच्या बांधकामांना आवर घालण्यासाठी केंद्र सरकारला २००१ मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करावा लागला, हा इतिहास चिखलदऱ्याच्या आराखडाकारांनी भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

राहता राहिला मार्गाचा प्रश्न. एके काळी बार्शीटाकळीच्या फलाटावरून जाणारी मीटरगेज गाडी अकोला, अकोट, धूळघाट असे करीत मेळघाटाच्या अरण्यातूनच खंडव्याला जात असे, आणि मूर्तिजापूरहून निघणारी ‘शकुंतला’ अचलपूरपर्यंत, म्हणजे चिखलदऱ्याच्या पायथ्याशी, प्रवासी आणून सोडीत असे. २००८ मध्ये बार्शीटाकळीचा लोहमार्ग रुंद झाला. पलीकडचा भाग २०१७ च्या आरंभी बंद पडला. अकोट-अकोला गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा धावू लागली. अकोटपुढचा मार्ग मात्र व्याघ्रप्रकल्पाला वळसा घालून नेण्याचे ठरले, आणि ते योग्यच झाले. वाघाच्या घरातून गाडी नेऊन कोणाची सहल सुखाची होत नाही. ‘शकुंतला’ बंद आहे, तिच्या रुंदीकरणाच्या घोषणा तेवढ्या होत असतात. तेव्हा बार्शीटाकळीच्या प्रवाशाला आज अकोट किंवा अकोल्याहून एस. टी.चाच आधार आहे. परतवाड्याहून वर दोन वाटा जातात, एक घटांगवरून आणि दुसरी धामणगाव गढी व मोथ्यावरून. पावसाळी रविवारी दोन्ही तुंबतात. एक वाट चढण्यास आणि दुसरी उतरण्यास राखून ठेवणे, परतवाड्याला मोटारी थांबवून तेथून एस. टी.ने माणसे वर नेणे, हे उपाय काचेच्या पुलाच्या मानाने जवळजवळ फुकटचे आहेत. माथेरानात तर मोटारींना गावात मुळीच प्रवेश नाही, आणि त्यामुळे तेथील गर्दी घटल्याचे कोणी ऐकलेले नाही.

रजा प्रवास सवलतीच्या नियमातही फार मोठा बदल नको. जो कर्मचारी आपल्या विभागातील ठिकाण निवडील त्याला वाचलेल्या भाड्याचा काही भाग शासकीय विश्रामगृहातील वा पर्यटन महामंडळाच्या निवासातील मुक्कामासाठी द्यावा, एवढे केले तरी शासनाचा खर्च वाढणार नाही, उलट घटेल. कर्मचारी संघटनांच्या मागण्यांच्या याद्या लांबलचक असतात. त्यांत ही एक ओळ घालण्यास अडचण नसावी. आणि शिक्षकखोलीतील ती चर्चा एप्रिलच्या जोडीला सप्टेंबरातही एकदा व्हावी. दिवाळीच्या सुटीच्या तारखा तोवर जाहीर झालेल्या असतात, आणि चिखलदऱ्याला खोलीही मिळते.